नवी इलेक्ट्रिक गिटार: खोड कुठली आणि नुसता सेटअप कुठला?

सहावी तार:

बरीच वर्षं अकूस्टिक वाजवल्यावर अखेर इलेक्ट्रिक घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'ही भारी की ती भारी' या वळणावर जाईल आणि माझे प्रश्न बाजूला राहतील. रचना ओळखीची आहे: फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी बॉडी, स्क्रूंनी जोडलेला मेपलचा नेक, २२ फ्रेट, तीन पिकअप: ब्रिजजवळ एक हमबकर (दोन वेटोळ्यांचा), बाकी दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे), आणि दांड्याने हलणारा ट्रेमोलो ब्रिज. दिसायला देखणी. वाजवायला घेतली तशा एकेक गोष्टी खुपायला लागल्या.

जाड ई पहिल्या चार-पाच फ्रेटवर दाबली की खरखरते. मोकळी सोडली तर स्वच्छ, वरच्या फ्रेटवरही स्वच्छ. बारीक ई चौदाव्या फ्रेटवर दाबून बेंड केली (आडवी ओढली) की सूर मध्येच मरतो. हीच तार नेकच्या कडेला इतकी खेटून आहे की बाराव्याच्या पुढे व्हायब्रॅटो दिला तर फ्रेटवरून खाली घसरते. जाड ईच्या बाजूला मात्र ऐसपैस जागा. तिसरी तार बेंडनंतर उतरते आणि ट्यून करताना नटपाशी (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी) 'टिंग' वाजतं. अ‍ॅम्पला जोडली की घूं असा आवाज येतो, तारांना हात लावला की कमी होतो. फ्रेटची टोकं हाताला टोचतात. शिवाय नेक ज्या खाचेत बसतो तिच्या कोपऱ्याशी लॅकरमध्ये केसाएवढी रेघ आहे.

परत करायची मुदत अजून चालू आहे. यातलं काय नव्या गिटारीत असायचंच आणि काय खपवून घेऊ नये? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ग्राहकराजा:

सात तक्रारी, आणि अजून विचारताय? नवी वस्तू आहे, दुरुस्त्या तुम्ही का करत बसायच्या? फोटो काढा, व्हिडिओ काढा, परत पाठवा, दुसरी घ्या. इत्यलम्.

कानस:

ग्राहकराजांचं हक्काच्या बाजूने बरोबर आहे. पण दुसरी आली तरी यातल्या निम्म्या तक्रारी तिच्यातही निघतील. कारखान्यात एका हवेत सेटअप होतो, मग गिटार खोक्यात बंद होऊन वेगळ्या हवेतून फिरते, गोदामात पडून राहते. लाकूड हलतंच. म्हणून तक्रारींचे दोन ढीग करा. स्क्रूड्रायव्हर किंवा अ‍ॅलन की फिरवून जे जागेवर येतं ते एका ढिगात. लाकूड, फ्रेट, नेकची खाच, ब्रिजची जागा यांत जे पक्कं बसलेलं आहे ते दुसऱ्यात. परत करायचं कारण या दुसऱ्या ढिगातच सापडतं.

आधी तारा नेमक्या सुरात लावा. १० ते ४६ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांचा संच सुरात असताना नेकवर मिळून साधारण ४५ किलोचा ताण असतो, आणि नेकचा खरा आकार त्या ताणाखालीच दिसतो. उतरलेल्या तारांवर घेतलेली मापं फुकट.

आता जाड ई. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक बॉडीला मिळतो तिथे तीच तार बोटाने दाबा. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी. आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फट किती ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डच्या गोलाईच्या) नेकसाठी फेंडर ०.०१० इंच सांगते, म्हणजे पाव मिमी. तुमच्याकडे ही फट जवळपास शून्य निघेल असा माझा अंदाज आहे. कंप पावणाऱ्या तारेला मधोमध सगळ्यात जास्त जागा लागते. नेक तारांकडे किंचित पोकळ असला तर ती मिळते. नेक अगदी सपाट असला, किंवा त्याहून वाईट म्हणजे मागे गेलेला असला, तर पहिल्या काही फ्रेटवर दाबलेली जाड तार लगेच पुढच्या फ्रेटांवर आपटते. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे.

उपाय: ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल. रॉडचं तोंड समोर धरलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. अ‍ॅलन की नेमक्या मापाची हवी. मिमी आणि इंचाच्या चाव्या एकमेकींत जवळपास बसतात आणि तिथेच तोंड गोल होतं. ते एकदा गोल झालं की पुढचा खर्च तुमचा. रॉड पूर्ण सैल होऊनही नेक मागेच राहिला, तर मात्र एक शब्द न बोलता परत.

चौदाव्याचा सूर मरतो ती गोष्ट निराळी. बहुतेक पंधरावा किंवा सोळावा फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे. रॉड फिरवून तो जाणार नाही. सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) चढवून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढवली तर आवाज थांबेल, पण तो दोष झाकणं झालं. कोणी 'थोडी ॲक्शन वाढवून देतो' म्हणालं तर हे लक्षात असू द्या. फ्रेट रॉकरने (उंच फ्रेट शोधायच्या सरळ पट्टीने) तपासा, मग बोलू.

तीन कॉर्ड:

वाचनखूण साठवली. माझ्याकडे फ्रेट रॉकर नाही. बँकेचं जुनं कार्ड चालतं असं ऐकलंय, खरं आहे का?

कानस:

चालतं, पण कुठली कड कुठे लावायची ते बघून. रॉकर एका वेळी तीनच फ्रेटवर टेकायला हवा. मधला उंच असेल तर पट्टी त्यावर डुलते, टक टक असा आवाज येतो. कार्डाची लांब कड ८५.६ मिमी असते. ६४८ मिमी स्केलच्या (नट ते ब्रिज तारेची लांबी) गिटारीवर पहिला ते तिसरा फ्रेट हे अंतर ६७ मिमीच्या आसपास, चौथा ९७ मिमीवर, म्हणजे तिथे कार्ड बरोबर तिघांवर बसतं. पण फ्रेट वर वर जवळ येत जातात. पंधराव्यापाशी तीच कड सहा फ्रेट गाठते आणि मग कोण उंच, कोण खाली काही कळत नाही. चौदा ते सोळा अंतर साधारण ३१.५ मिमी आहे. कार्डाचा ४० मिमीचा तुकडा कापा, तो तिथे तिघांवरच टेकेल. कापलेली कड नव्हे, कारखान्यातली सरळ कड वापरा.

प्रत्येक तारेखाली वेगळं तपासा. फ्रेट पूर्ण लांबीत उंच असेलच असं नाही, कित्येकदा फक्त बारीक तारांच्या टोकाला उचललेला असतो.

तांब्याचं वेटोळं:

माझ्या वाट्याचा विषय आला म्हणून लिहितो. घूं आवाज ही खोड नाही. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारांचा कंप तो टिपतोच, पण विजेच्या वायरिंगचं आणि ट्रान्स्फॉर्मरचं ५० किंवा ६० हर्ट्झचं गुणगुणणंही टिपतो. हमबकर निघाला तो याच कारणाने. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला त्या रचनेत दोन वेटोळी उलट गुंडाळलेली आणि चुंबकाचे ध्रुवही उलट असतात. बाहेरची गुणगुण दोघांत विरुद्ध येऊन रद्द होते, तारेचा आवाज मात्र जुळतो.

तुमच्या गिटारीत तपासायचं ते असं. स्विच ब्रिजकडे टाका: घूं बरंच कमी व्हायला हवं. नेकच्या एकट्या पिकअपवर ते परत येईल. नेक आणि मधला एकत्र या जागेवर पुन्हा कमी झालं तर मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे, जे हल्ली बहुतेक कंपन्या करतात. नेकवर असताना गिटार धरून जागेवरच गोल फिरा. एका दिशेला आवाज पडेल. हे सगळं घडत असेल तर पिकअप ठणठणीत.

तारांना हात लावल्यावर कमी होतं हे तर चांगलं लक्षण. ब्रिजखालून एक वायर अर्थला जाते आणि तिच्यामुळे तुमचं शरीर आडोशाचं काम करतं. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ती वायर सुटली असण्याची शक्यता. ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये ती वायर मुळातच जोडत नाहीत, त्यामुळे तिथे हा निकष लावू नका. आणि हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत का ते आधी बघावं.

एक गंभीर गोष्ट. तारांवर बोट असताना दुसऱ्या कुठल्या धातूच्या वस्तूला, विशेषतः माइकला, हात किंवा ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं ताबडतोब थांबवा. तो गिटारीचा प्रश्न नसतो. अ‍ॅम्पचा किंवा जागेच्या अर्थिंगचा असतो, आणि जिवावर बेतू शकतो.

मल्टिमीटर असेल तर गिटार न उघडता पिकअप तपासता येतात. केबल गिटारीत लावा, दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक आणि दांडा यांत रोध मोजा. व्हॉल्यूम पूर्ण. सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात किलो-ओहम, जुन्या धाटणीचा हमबकर सात ते नऊ, जोरकस पिकअप बराच जास्त. आकडा कमी-जास्त म्हणून पिकअप चांगला-वाईट ठरत नाही. पण एखाद्या जागेवर एकदम २५० किंवा ५०० दिसले, तर त्या पिकअपचं वेटोळं किंवा त्याची जोडणी तुटली आहे आणि मीटर नुसता व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) मोजतोय. ते दुसऱ्या ढिगात.

सहावी तार:

भारी माहिती. स्विचची चाचणी केली, अगदी तुम्ही सांगितलं तसंच झालं. मीटर आणायचा आहे. अजून एक विचारायचं राहिलं: पिकगार्डवर बोट घासलं की स्पीकरमधून चरचर येते. पॉट खराब असतील?

तांब्याचं वेटोळं:

पिकगार्डवरची पारदर्शक फिल्म काढलीत का? बरेच जण नवेपणा टिकावा म्हणून ठेवतात. तिच्यावर स्थिर वीज साठते. काढा, बहुतेक थांबेल. पॉटची खरखर नॉब फिरवतानाच येते, बोट घासून नाही.

जुनाट लॅकर:

इतकी मोजमापं वाचून एखादा नवखा गिटारच घ्यायचा नाही. अहो, थोडी खरखर सगळ्या गिटारींत असते. तंबोऱ्याला आपण मुद्दाम दोरा घालून जवारी काढतो, आणि इथे जरा झुणझुण आली की घाबरगुंडी! अ‍ॅम्पमधून ऐकू येत नसेल तर ती नाहीच असं धरा.

खरी परीक्षा वजनाची आणि लाकडाची. बॉडीवर ठोकून बघा, तार न जोडता वाजवून बघा. जी गिटार पोटाशी धरल्यावर थरथरते ती चांगली. पॉलिएस्टरचा जाड थर चढवलेल्या गिटारी ठोकळ्यासारख्या वाजतात, नायट्रोसेल्युलोजची मजा त्यात नाही. आणि फ्रेटबोर्ड शिसवीचा आहे की भलतंच काही चिकटवलंय ते आधी सांगा.

कानस:

जवारीची उपमा आवडली, पण जवारी आपण जिथे काढू तिथेच निघते. हिची चौदाव्यावर आपणहून निघते आणि सूर मारते. अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारी खरखर सोडून द्यावी हे मात्र मान्य. विशेषतः जोरात वाजवणाऱ्यांनी. पण बेंड करताना सूर मरणं अ‍ॅम्पमधूनही ऐकू येतंच.

लाकडाचा वाद इथे नको, त्यावर माणसं म्हातारी झालीत. फ्रेटबोर्डबद्दल एवढंच, की फिकट किंवा तांबूस दिसला म्हणून फसवणूक समजू नका. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया या शिसवीच्या प्रजातीतलं जवळपास सगळं लाकूड साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत आलं. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर कंपन्या पाव फेरो, इंडियन लॉरेल असल्या लाकडांकडे वळल्या होत्या. फ्रेटबोर्ड म्हणून ती उत्तम चालतात. नायट्रोवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: स्टँडच्या रबराने तो थर मऊ पडतो, डाग राहतो. पॉलिएस्टरला सहसा काही होत नाही.

मंद्रसप्तक:

चर्चा छान चालली आहे. नेकच्या कडेचं आणि तिसऱ्या तारेचं कोणी घेतलं नाही म्हणून मी लिहिते.

कडेसाठी आधी नटपाशी बघा. दोन्ही बाहेरच्या तारा नटवर कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का? असतील, आणि बाविसाव्या फ्रेटपाशी बारीक ई बाहेर जात असेल, तर नेक खाचेत किंचित तिरका बसलाय. स्क्रूच्या नेकमध्ये हे बऱ्याचदा वाहतुकीतल्या धक्क्यानेही होतं. तारा सुरातच असू द्या. मागचे चार स्क्रू फक्त अर्धा फेरा सैल करा, हेडस्टॉक हलकेच हव्या त्या बाजूला रेटा, तारा मध्यावर आल्या की स्क्रू आवळा. माझ्या गिटारीचं हे एवढ्याने सुटलं होतं. नेक खाचेत इतका घट्ट असेल की हलतच नाही, आणि तरी तिरका, तर खाच किंवा ब्रिजच वाकडी बसवली आहे. मग ग्राहकराजांचं ऐका.

नटवरच तारा एका बाजूला सरकलेल्या असतील तर नट चुकीचा कापलाय. नट बदलणं मोठं काम नाही, पण ते दुकानाने करून द्यायला हवं.

तिसरी तार नटाच्या खाचेत अडकते आहे. खुंट्या खराब म्हणून आधी त्यांनाच दोष दिला जातो, पण दोष बहुतेक वेळा त्यांचा नसतो. बेंड केल्यावर सूर उतरला की नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा भाग बोटाने दाबून सोडा. सूर परत जागेवर आला किंवा थोडा चढला, तर अडकणं नटातच. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तेवढ्याने नाही भागलं तर खाच रुंद करावी लागते, आणि ती कोणीही घरी करू नये, निदान परत करायची मुदत संपेपर्यंत तरी. एकदा कानस चालवली की गिटार परत घेतली जात नाही. (कानस, हे तुम्हाला उद्देशून नाही!)

कानस:

माझी धार बोथट आहे, काळजी नसावी. पूर्ण अनुमोदन. हीच मर्यादा सगळीकडे पाळा: मुदत संपेपर्यंत फिरवून पूर्ववत करता येईल तेवढंच करायचं. घासणं, कापणं, भोक पाडणं, चिकटवणं काही नाही. दुकानाला आधी कळवून ठेवलं की ट्रस रॉडला हात लावणार आहोत, तर आणखी बरं.

फ्रेटची टोकं टोचतात ते लाकूड सुकल्यामुळे. फ्रेटबोर्ड आक्रसतो, धातू तेवढाच राहतो, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवता आली तर काही दिवसांत थोडी आत जातात. टोकं फक्त डोकावत असतील तर घासून दहा मिनिटांचं काम आहे. पण नख लावल्यावर फ्रेटच्या टोकाखाली फट लागत असेल, म्हणजे तो खोबणीतून उचललेला असेल, तर ती वेगळी बाब.

लॅकरमधल्या रेघेबद्दल: खाचेच्या कोपऱ्यात थर जाड असतो, नेक आवळला की तिथे तडकतो. हेडस्टॉक धरून नेक हलकेच वरखाली दाबा आणि रेघेकडे बघा. ती उघडझाप करत नसेल, लाकडात उतरलेली दिसत नसेल, तर ती रंगापुरती. दुसऱ्या एका जागेची रेघ मात्र कधीही खपवून घेऊ नका: नटाच्या मागे, नेक जिथे हेडस्टॉकला मिळतो तिथली. मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या गिटारी, लेस पॉल वगैरे, तिथेच मोडतात. गिब्सनचा तो कोन पारंपरिकपणे १७ अंशांचा. खोकं तोंडावर पडलं तरी पुरतं. तुमचा हेडस्टॉक सरळ आहे, धोका कमी, तरी टॉर्च लावून बघून घ्या.

तीन कॉर्ड:

माझा एक वेगळाच घोळ. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, बाराव्यावरही ठीक, पण पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे कॉर्ड कणसूर लागतात. बोटं जास्त दाबतोय का?

मंद्रसप्तक:

तेही असू शकतं, पण आधी नटची उंची बघा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. जेमतेम कागदाएवढी हवी. ठळक दिसत असेल तर पहिल्या फ्रेटवर दाबताना तार उगाच जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. अकूस्टिकवर घट्ट बोटांची सवय असलेल्यांना हे लवकर कळत नाही.

आणि सगळ्यांसाठी: इंटोनेशन (सॅडल पुढेमागे करून वरच्या फ्रेटवरचे सूर जुळवणं) सगळ्यात शेवटी. क्रम असा: सूर, नेकची फट, ॲक्शन, मग इंटोनेशन, आणि दर वेळी पुन्हा सूर. आधी इंटोनेशन करून मग रॉड फिरवला तर केलेलं वाया. ॲक्शनचे आकडे वाचताना कुठल्या फ्रेटवर मोजलेत तेही वाचा. फेंडर सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी सांगते. गिब्सनचे जाड ईसाठी २ आणि बारीक ईसाठी १.२ मिमी हे बाराव्यावरचे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या फ्रेटवर लावून लोक गिटारीला नावं ठेवतात.

इंटोनेशनसाठी नव्या तारा घाला. गिटारीबरोबर आलेल्या तारा किती दिवस पडून होत्या कोण जाणे, जुनी तार आपली आपण खोटं बोलते. बाराव्यावरचं हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. यात बांधणीची परीक्षाही होते. ६४८ मिमी स्केलवर नटपासून बारावा फ्रेट ३२४ मिमीवर हवा, आणि बारीक ईचं सॅडल बाराव्यापासून त्याहून किंचित लांब; जाड तारांची सॅडल आणखी मागे. एखादं सॅडल पार मागे नेलं, स्प्रिंग चेपली, तरी सूर चढाच राहिला आणि पिकअपही तारेला चिकटलेले नाहीत, तर ब्रिज चुकीच्या जागी बसवला आहे. ते कोणाच्या बापाला घरी दुरुस्त होणार नाही.

तांब्याचं वेटोळं:

पिकअपचा उल्लेख केलात ते बरं. सिंगल कॉइल तारांच्या फार जवळ चढवले की चुंबक तार ओढतो, जाड तार वरच्या फ्रेटवर दोन सूर लागल्यासारखी वाजते आणि इंटोनेशन जुळतच नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ मिमी अंतर ठेवून सुरुवात करा. किती लोकांनी यावरून गिटारी विकल्या असतील!

सहावी तार:

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं करून बघितलं, एकेक सांगतो.

कॅपो लावून आठव्यावर फट शून्य होती. रॉड सैल केल्यावर पाव मिमी आली आणि जाड ईची खरखर गेली. फक्त फार जोरात ओढली तर थोडी येते, अ‍ॅम्पमधून नाही. नटपाशी तारा मध्यावर होत्या, तिरका नेकच होता. स्क्रू सैल केल्यावर नेक हलका 'कट्' करून सरकला, आता बारीक ई आत आहे. तिसऱ्या तारेला शिसं लावलं. टिंग गेलं, बेंडनंतर किंचित उतरते अजून. फिल्म काढली, चरचर बंद. रेघ हलत नाही. मीटरवर दोन्ही सिंगल कॉइल सहाच्या आसपास, हमबकर आठच्या वर.

पंधरावा फ्रेट मात्र निघाला. कार्डाचा तुकडा जाड तारांखाली शांत, दुसऱ्या तारेपासून खाली टक टक. लाकडाच्या तुकड्याने पंधराव्याचं टोक दाबून ठेवलं आणि चौदाव्यावर तार छेडली तर सूर स्वच्छ. म्हणजे उचललाय, असंच ना?

दुकानाला व्हिडिओ पाठवला. ते म्हणतात, एकतर त्यांचा माणूस फ्रेट बसवून देईल, नाहीतर गिटार बदलून देतील. काय निवडू?

ग्राहकराजा:

बदलून. यात विचारायचं काय?

कानस:

दाबून सूर स्वच्छ झाला म्हणजे उचललेलाच. हा प्रकार उंच फ्रेटपेक्षा बरा. चिकट द्रव सोडून, दाबून, सुकवून बसतो. मग त्या दोन-तीन फ्रेटना माथ्यावरून एकसारखं करून पुन्हा गोलाई द्यायची.

आता निवड. एकच फ्रेट असेल आणि बाकी नेक तुम्ही सांगता तितका सरळ असेल, तर मी दुरुस्ती घेईन. तुम्ही हिच्यातलं सगळं तपासून झालंय. नवी आली की शून्यापासून सुरुवात, आणि तिचा फ्रेट सहावा उचललेला निघू शकतो. पण आधी सगळे २२ तपासा, सहाही तारांखाली. आणखी दोन-तीन डुलले तर कारखान्यात खोबण्या सैल कापल्या गेल्या आहेत, मग बदलून घ्या. दुरुस्ती घेतलीत तर त्यांच्याकडून लिहून घ्या की काम त्यांनी केलं आणि हमी कायम आहे.

ग्राहकराजा:

लिहून घ्यायच्या मुद्द्यावर सहमत. बाकी मी माझ्या जागी ठाम.

जुनाट लॅकर:

दुरुस्ती. जी गिटार हातात आवाज देते ती सोडू नये.

सहावी तार:

बाकीचे २१ तपासले, कुठेही डुलत नाही. दुरुस्ती घेतली, लेखी घेऊन. नटची तिसरी खाचही त्यांनीच नीट करून दिली. चौदाव्यावर पूर्ण स्वराचा बेंड आता मावळेपर्यंत वाजतो. फ्रेटची टोकं थोडी आत गेली आहेत, घासायची गरज पडेलसं वाटत नाही.

एक शेवटचं. ट्रेमोलोची मागची कड बॉडीपासून उचललेली आहे. ही तशीच हवी का?

मंद्रसप्तक:

तरंगता ठेवायचा असेल तर हो. फेंडरच्या रचनेत मागे ३.२ मिमीच्या आसपास अंतर सांगतात. दांड्याने सूर वर न्यायचाच नसेल तर मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवा, ट्यूनिंग जास्त टिकेल. जाडी वेगळी असलेल्या तारा घातल्या की हे अंतर बदलेल, आणि नेकची फटही. दोन्ही पुन्हा बघा.

कानस:

आणि तारा बदलताना सहाही एकदम काढू नका, तरंगता ब्रिज मागे पडतो आणि पुन्हा सगळं जुळवत बसावं लागतं. एक काढा, एक घाला.